जावयाच्या सायकलीचं बाकीचं सामान

जगन्नाथला सायकलीचं पुढचं चाक उचलायचं होतं. त्याची ओळख करून द्यायची तर इथूनच द्यावी लागते. बाकी त्याच्यात वेगळं काही नाही. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. पन्नाशी उलटलेली. मुलगी गंधाली पुण्याला नोकरीला. डाव्या गुडघ्याला पट्टा. आणि चालत्या सायकलीचं पुढचं चाक वर घेऊन मागच्या एका चाकावर थोडं अंतर जावं, एवढी एकच इच्छा.

आम्ही जुन्या जालन्यात एका गल्लीत समोरासमोर राहतो. मी रोलिंग मिलमध्ये चिमट्यावर होतो. रोलमधून बाहेर आलेली लाल सळई चिमट्यात धरायची आणि पुढच्या रोलमध्ये घालायची. आता ओट्यावर बसतो. जगन्नाथचा सराव रोज सकाळी ओट्यासमोरच चालायचा.

सायकल बीएमएक्स जातीची. ही मुळात पोरांची सायकल. वीस इंची चाक, उंच हँडल, बुटकं सीट. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही. उड्या मारायला केलेली. चाक त्याहून मोठं असलं की तिला क्रूझर म्हणतात. आता तर एकोणतीस इंची चाकाची क्रूझर निघाली आहे, जगन्नाथची तीच. ज्या पोरांना चाळीस वर्षांपूर्वी ही सायकल मिळाली नाही त्यांना आता टक्कल पडलं, आणि ही त्यांच्या मापाची. रंग तेव्हाचे. दांडीवरची चौकड्यांची गादी तेव्हाची. हँडलला शर्यतीचा नंबर लावायची पाटी तेव्हाची. टायरच्या कडा तेव्हासारख्याच बदामी. फक्त सगळं फुगवलेलं. बाळाचं झबलं बाप्याच्या मापात शिवावं, तसं. सीट मात्र बुटकंच ठेवलं आहे, कारण त्यावर बसायचं नसतं. उभ्यानं चालवायची.

"बसायचं न्हाई तर सीट कशाला?" मी विचारलं.

"असावं लागतं, काका."

जगन्नाथ नववीत असताना गल्लीतल्या कापडवाल्याच्या पोराकडे तसली सायकल आली होती. पोरं पाळी लावायची. जगन्नाथची पाळी कधी आलीच नाही. त्याला ती फक्त धरायला मिळाली, मालक पाणी प्यायला गेला तेवढा वेळ. मालक पाणी पिऊन आला, सायकलीवर चढला आणि पुढचं चाक वर घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तेव्हापासून जगन्नाथचं म्हणणं पक्कं आहे. सायकल विकत घेतली म्हणून आपली होत नाही. चाक उचललं की होते.

त्याची बायको प्रेमला. सायकल घरी आली त्या दिवशी तिनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"मी बसू कुठं?"

"हिच्यावर डबलसीट नसतं."

"भाजीची पिशवी?"

"तीबी न्हाई."

"मंग बाजारात कशाला नेता?"

"न्हाईच नेणार."

"घरात ठेवायला आणली का?" असं म्हणून ती आत गेली.

जालन्यात असल्या सायकली तीन. मंडळ मात्र आधी स्थापन झालं. जुना जालना क्रूझर मंडळ. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, सल्लागार, प्रसिद्धीप्रमुख. सायकलींपेक्षा पदं जास्त झाली, म्हणून बरेच पदाधिकारी पायी होते. अध्यक्ष जगन्नाथ. सचिव साधनाताई. बँकेत नोकरीला, चाळिशीच्या. त्यांचं चाक पहिल्याच आठवड्यात उठलं. एका हातानं हँडल धरून आणि दुसऱ्या हातानं ओढणी सावरत त्या एका चाकावर गल्ली पार करायच्या.

"अध्यक्ष, हातानं ओढू नका. अंग मागं टाका."

"मागंच टाकून राह्यलो."

"तुम्ही तोंड मागं टाकून राह्यले. कंबर हाय तिथंच हाय."

बराबर होतं. जोर कुठून निघतो ते बघणाऱ्याला दिसतं. जगन्नाथचा जोर कपाळातून निघायचा. शिरा फुगायच्या, डोळे मोठे व्हायचे, चाक जमिनीवर. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मेहनतीत कसूर नव्हती, हे मी लिहून देईन. मेहनत चुकीच्या जागी होती, एवढंच.

त्यात दसऱ्याची फेरी ठरली. संभाजीनगरचं असंच एक टोळकं जालन्याला येणार आणि दोन्हीकडचे मिळून अंबडपर्यंत जाणार. हल्लीची रीत अशी की शर्यत लावायची नाही. थव्यानं जायचं, सापासारखी वळणं घेत, मधूनमधून चाकं वर करत. पाहुण्यांच्या अटी दोन. सायकल जशी कारखान्यातून आली तशीच पाहिजे. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर असलं काही चालणार नाही. आणि फेरी सुटताना यजमान अध्यक्षानं सगळ्यांच्या पुढं राहून चाक उचलायचं.

जगन्नाथ दुसरी अट ऐकून आला आणि माझ्या ओट्यावर बसला.

"न्हाई उठलं तर?"

"मंग खालून जा," मी म्हणालो.

"काका, न्हाई उठलं तर विकून टाकतो. दुसऱ्याची सायकल किती दिवस धरून उभं राहू?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्याचे सासरे रामराव टेंभुर्णीचे शेतकरी. मीही मूळचा तिथलाच. रामरावांच्या घरचा नियम आहे की जावयाचं नवं वाहन पहिल्या खंडेनवमीला टेंभुर्णीला आणायचं आणि शेतीच्या अवजारांसोबत पुजायचं. त्यांचा पिकअप सोयाबीन घेऊन मोंढ्यात आला होता. परत जाताना त्यात सायकल चढली. जगन्नाथ, प्रेमला आणि मीही चढलो.

अंगणात ट्रॅक्टर, नांगर, फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाडी ओळीनं मांडलेल्या. झेंडूच्या माळा घातलेल्या. जगन्नाथनं सायकल आणून ट्रॅक्टरच्या चाकाला टेकवली. रामरावांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"जावईबापू, बाकीचं सामान मागून येणार हाय का?"

"कोणतं, मामा?"

"मडगार्ड. कॅरिअर. स्टँड. घंटी."

"हिला नसतं."

"दुकानदारानं दिलं न्हाई, आन् तुम्ही इचारलं न्हाई."

"नसतंच मामा. जगात कुठंच नसतं."

रामराव माझ्याकडे वळले. "पुंजाराम, तू तर संगं राहतो. तूबी बोलला न्हाई?"

सासूबाई सगुणाबाई आरतीचं ताट घेऊन थांबल्या होत्या. रामरावांनी सायकल ट्रॅक्टरपासून हातभर दूर घेतली आणि सोडली. ती आडवी पडली.

"ही उभीच राहत न्हाई. पडल्याल्या वाहनाची पूजा कशी करू?"

"मी धरतो," जगन्नाथ म्हणाला. आणि धरली. सगुणाबाईंनी ओवाळलं. हँडलला माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. फोटोत जगन्नाथ सायकल धरून उभा आहे. दुसऱ्याचीच असावी तसा.

मग पुरणपोळी. जावयाला आग्रह झाला. जावयाच्या शेजारी बसल्यामुळे मलाही झाला. जेवून दोघं ओसरीवर आडवे झालो. झोपेत कटरचा आवाज आला, ठिणग्या उडाल्यासारखं वाटलं. मला वाटलं मिलचं स्वप्न पडतंय. कूस बदलली.

उठलो तेव्हा सायकल अंगणाच्या मधोमध एकटी उभी होती. मोटरसायकलला असतो तसल्या जाड स्टँडवर. शेजारी गावातला वेल्डर कचरू हात पुसत होता.

मागे-पुढे पत्र्याची मडगार्डं. चेनला कव्हर. घंटी. आरसा. आणि कॅरिअर. कॅरिअर सळईचं. घर बांधताना उरलेली सळई, जालन्याचीच. एवढं लांब की त्यावर बाज मावली असती.

जगन्नाथ खाली बसला आणि जोड चाचपू लागला. "नट-बोल्ट कुठं हायत?"

"फ्रेमला भोकंच न्हाईत, पाव्हणं," कचरू म्हणाला. "वेल्डिंग मारलं. आता काय निघत न्हाई. सायकल मोडल, कॅरिअर न्हाई मोडायचं."

जळालेल्या रंगावर त्यानं गेटचा चंदेरी रंग मारला होता. आणि मागच्या मडगार्डवर लाल अक्षरं, हंड्या-कळशीवर घालतात तशी: रामराव टेंभुर्णीकर यांजकडून जावयास सप्रेम भेट.

"आता पूर्ण झाली," रामराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "लेक दिली त्या घरचं वाहन अर्धवट पाहावलं न्हाई."

प्रेमला मडगार्डवरची अक्षरं वाचत होती. जगन्नाथनं तिच्याकडे पाहिलं. सासऱ्यानं दिलेली वस्तू परत करत नाहीत, खोलूनही ठेवत नाहीत. तो उठला आणि रामरावांच्या पाया पडला.

दसऱ्याला सकाळी निघताना रामरावांनी बाजरीचं पोतं आणून कॅरिअरवर टाकलं.

"मामा, पिकअपमध्ये ठेवू ना."

"शेजारीण वाटी परत देती ती रिकामी देती का? मंग कॅरिअर रिकामं कसं पाठवू?"

ट्यूबच्या पट्ट्यांनी पोतं आवळलं. गाठी ट्रॅक्टरच्या गड्यानं मारल्या. पिकअपच्या फळीवर सायकल बांधून आम्ही जालन्याला आलो. फेरी सुटायच्या मैदानावर पाहुणे आधीच जमलेले. बदामी कडांची टायरं, चौकड्यांच्या गाद्या, कुठंच मडगार्ड नाही. जगन्नाथनं सायकल उतरवली. स्टँडवर लावली. घंटी आपोआप वाजली.

पाहुण्यांचा म्होरक्या पुढे आला. "हे काय आहे?"

"बाजरी," जगन्नाथ म्हणाला.

"अहो, अट काय होती?"

साधनाताईंनी मडगार्डवरची अक्षरं दाखवली. "सासऱ्यानं दिलंय."

म्होरक्यानं वाचलं. मागच्यांनीही वाचलं. त्यांच्यातले बहुतेक कुणाचे ना कुणाचे जावई होते. अट सोडून दिली. पोत्याच्या गाठी सोडायचा प्रयत्न झाला, सुटल्या नाहीत.

"चला अध्यक्ष, पुढं व्हा."

जगन्नाथ पुढे झाला. थवा मागे उभा राहिला. मोबाइल वर झाले. त्यानं उजवा पाय पेडलवर ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दाबला.

चाक उठलं.

पोतं मागच्या चाकाच्याही मागे होतं. पेडल दाबताच पुढचं चाक तराजूच्या पारड्यासारखं वर गेलं, आणि वरच राहिलं. जगन्नाथ आभाळाकडे तोंड करून निघाला. तो उलटाच पडला असता. पण कचरूच्या कॅरिअरचं शेपूट रस्त्याला टेकलं आणि सायकल त्यावर तोलून राहिली. सळई डांबरावर घासत होती, ठिणग्या उडत होत्या, घंटी वाजत होती. मैदानापासून पेट्रोल पंपापर्यंत तो तसा गेला. पंपावरच्या माणसानं ठिणग्या पाहून दोन्ही हात वर केले. पाहुण्यांना वाटलं तो मानवंदना देतोय. शिट्ट्या सुरू झाल्या.

"खाली येईना! साधनाताई, खाली येईना!"

साधनाताई शेजारून आल्या. "पुढं वाका! छाती हँडलवर टाका!"

तो वाकला. चाक खाली आलं. पंप वाचला.

अंबडला पोहोचेपर्यंत ती चित्रफीत सगळीकडे गेली होती. पाहुण्यांनी जगन्नाथच्या गळ्यात हार घातला. म्होरक्यानं कचरूचा नंबर मागून घेतला. पुढच्याच आठवड्यात संभाजीनगरच्या चार क्रूझर टेंभुर्णीला सळईच्या कॅरिअरसाठी गेल्या. जावयास सप्रेम भेट ही अक्षरंही हवीत असा त्यांचा हट्ट होता. एकाचं लग्न अजून व्हायचं होतं.

जगन्नाथ मात्र संध्याकाळी हार घेऊनच माझ्या ओट्यावर आला. बराच वेळ हारातली फुलं तोडत बसला.

"काका, चाक उठलं का?"

"उठलं."

"मी उठवलं का?"

मी खोटं बोलत नाही. कामाच्या बाबतीत तर नाहीच.

"न्हाई. बाजरीनं उठवलं."

त्यानं मान हलवली. "मलाबी तेच वाटलं." मग म्हणाला, "पण काका, वर गेल्यावर कंबर कुठं राहती ते कळलं. इतके दिवस तेच कळत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून तो पोतं बांधूनच सरावाला निघाला. चाक उचलायचं आणि कंबर कुठं जाते ते लक्षात ठेवायचं. घरी आला की पोतं सोडून प्रेमलाच्या हवाली. ती त्यातून दळणापुरती बाजरी काढून घ्यायची. पोतं रोज थोडं हलकं व्हायचं आणि जगन्नाथला रोज थोडा जास्त जोर लावावा लागायचा. गल्लीतले चेष्टा करायचे.

"काय जगन्नाथराव, बाजरी फिरवून आणली का?"

"आणली. आता तुमचे गहू द्या, त्यान्लाबी हवा लागंल."

प्रेमलाचा त्रागा वेगळा. "रोज भाकर, रोज भाकर. एक दिवस पोळी करू द्या ना."

"बाजरी संपू दे."

"तुमचं चाक अन् माझा तवा!"

पण ती भाकरी थापत होती. दिवाळी गेली, थंडी पडली. अर्ध्या पोत्यावर चाक उठेनासं झालं. मी म्हणालो, थांब इथंच, पोतं हलकं करू नको. नवरा-बायकोनं आठवडाभर भात खाल्ला. मग एका सकाळी उठलं. पुन्हा भाकरी सुरू झाल्या. कपाळाच्या शिरा आता फुगत नव्हत्या. जोर खाली उतरला होता, कमरेत.

भोगीच्या दिवशी प्रेमलानं शेवटचं पीठ मळलं. तीळ लावून भाकरी केल्या, मला आणून दिल्या. जगन्नाथनं रिकामं पोतं घडी करून पायरीवर ठेवलं. सायकल घेऊन गल्लीत आला. साधनाताई आल्या होत्या. मी भाकरी बाजूला ठेवली.

त्यानं पेडल दाबलं. अंग मागं टाकलं. हात सरळ राहिले. चाक उठलं. वीतभर. तीन-चार घरं तसंच गेलं आणि कापडवाल्याच्या बंद दुकानासमोर खाली आलं.

तो मागे वळून माझ्याकडे पाहत राहिला.

"उठलं," मी म्हणालो.

"कोणी?"

"तू."

त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि दोन्ही हात सोडून तिच्याजवळ उभा राहिला. धरली नाही.

दारात प्रेमला फोनवर वडिलांशी बोलत होती. "हो आबा, संपली आजच. न्हाई, न्हाई, आता नको, अहो खरंच नको." तिनं फोन खाली घेतला. "आबा म्हनून राह्यले, कॅरिअर मोकळं झालं का? पिकअप सोमवारी यायलाय. दोन पोती हायत."