नथीचे मोती
लेकीने मुंबईहून पाठवलेली मोती पिष्टीची पुडी आज फोडली, तर गुलाबपाण्याचा वास आला आणि धाकट्या डहाणूच्या आमच्या घरातला दगडी खल डोळ्यांसमोर उभा राहिला. आई ओहोटीला खाडीवर खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले फोडायची. एखाद्या कालवात तांदळाच्या कणीएवढा मोती निघाला की तो धुऊन चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायची, माझ्या लग्नातल्या नथीसाठी. त्या वर्षी बाबांच्या पोटात अशी आग उठली की होडीवर जाणंच थांबलं. वैद्यांनी मोती पिष्टी सांगितली, तशी आईने सगळी डबी खलात उपडी केली आणि गुलाबपाणी घालून ती दुपारभर घोटत बसली. "आणि माझी नथ गो?" मी रडवेली होऊन विचारलं. "मांडवात बाप नको काय तुला?" ती हात न थांबवता म्हणाली. संध्याकाळी तिने ते पांढरं चाटण बाबांच्या जिभेवर ठेवलं. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "थंड वाटतं गो." आईचा चेहरा खुलला. माझ्या बाजूला, चादरीआड खाटेची कड घट्ट आवळून धरलेली त्यांची मूठ फक्त मला दिसत होती. माझ्या मांडवात बाबा नव्हते, पण त्या मोत्यांनी त्यांना आराम पडला होता, असं आई शेवटपर्यंत सांगायची, आणि मी मान डोलवायचे. मघाशी लेकीचा फोन आला, "आई, जळजळ कमी झाली का गं?" छाती चोळत मी म्हटलं, "थंड वाटतं गो."