पोस्टमनचा खांदा

माझ्या थोरल्या मुलीला गावात सगळे टाचणी म्हणतात. लहानपणी होतीच तशी, किडकिडीत आणि टोचणारी. आज तिच्या दुकानात कोट शिवायला दोन-दोन महिने थांबावं लागतं. लोक मला म्हणतात, "हात तुमच्याकडूनच आला ना?" मी मान डोलावतो. खोटं बोलायला फार शाळा लागत नाही, माझी चौथी पुरते.

खरं सांगायचं तर मी तिला काही दिलं नाही, होतं ते पुसलं. अगदी फडक्याने. मी शिंपी. ती बारा-तेराची झाली तशी शाळेतून येऊन कापडावर खडूने आखायला लागली. ती रेघ मारायची, मी पुसून शेजारी दुसरी मारायचो. सूतभर इकडे, सूतभर तिकडे. तिची चुकलेली असायची असं नाही हो, माझा हातच राहायचा नाही. वडिलांनी माझ्या रेघा पुसल्या, मी हिच्या. आमच्या घराण्यात खडू कमी झिजला, फडकी जास्त.

पंधराची होईतो पोरगी एकच वाक्य बोलायला लागली, "तुम्हीच बघा." भाजीत मीठ किती? तुम्हीच बघा. फ्रॉक कुठल्या रंगाचा? तुम्हीच बघा. मी खूश! काय पण वळण लावलंय! एक दिवस तिचे मास्तर दुकानात आले. "अहो, हिला सात आठी किती विचारलं, तर म्हणते तुम्हीच बघा."

मी पोट धरून हसलो. हिची आई हसली नाही. "तिला येतं सगळं," ती म्हणाली. "पण आपलं बरोबर असेल असं तिला वाटतच नाही. कुणामुळे?"

"मास्तरांमुळे," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात पोस्टमन कापड घेऊन आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं, जन्मातला पहिला कोट. माप मी घेतलं आणि गप्पा हाणत बसलो, आखलं टाचणीने. नंतर पाहतो तर उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली!

"हा माणूस आहे की उतरतं छप्पर?" म्हणत मी पुसलं, दोन्ही खांदे सारखे केले आणि कात्री उचलली.

"पण बाबा..." ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हीच बघा."

लग्नाच्या आदल्या दिवशी पोस्टमन कोट घालून आरशासमोर उभा राहिला. उजव्या बाजूने कोट असा लोंबत होता, जशी काही खिशात वीट आहे. तीस वर्षं त्या खांद्यावर टपालाची पिशवी होती. ते पोरीला दिसलं, मला नाही. आणि तो बिचारा काय म्हणाला? "माझं अंगच वाकडं हो, कोटाचा काय दोष?" शेजारी टाचणी खाली मान घालून उभी. दोघं मला अगदी एकसारखी दिसली.

"अंग नाही, माझी अक्कल वाकडी," मी म्हणालो. "हिने बरोबर आखलं होतं. मी पुसलं." बोलताना सुई गिळल्यासारखं झालं. मग तिला विचारलं, "आता काय करायचं गं?"

"तुम्हीच बघा."

"अगं, मीच बघितलं म्हणून तर हे झालं!"

आधी पोस्टमन हसला, मग हिची आई, सगळ्यात शेवटी टाचणी. तिने खांदा उसवला, खडू घेतला. माझा हात आपोआप फडक्याकडे गेला.

"त्या फडक्याने जरा कपाट पुसा," हिची आई म्हणाली.

पुसलं. तिन्ही कप्पे, दोन-दोनदा. तोवर कोट अंगावर असा बसला की पोस्टमन आरशापुढून हलेना.

गेल्या महिन्यात टाचणीने माझ्या कोटाचं माप घेतलं. "बाबा, तुमचा डावा खांदा उतरलाय."

"छे! तुझा आरसा तिरका असेल."

"मग कसं आखू?"

"तूच बघ," मी मोठ्या मनाने म्हणालो. ती आत गेल्यावर हळूच रेघ बघायला उठलो, तर फडकं जागेवर नाही. कार्टी मला पुरती ओळखून आहे.