'हेल्मा' बोटीवरची हेल्मा

“तू राहिलीसच ना वसतिगृहात? मेलीस का?” सासू, अल्विने, बटाटे सोलता सोलता म्हणाली.

“मेले नाही म्हणूनच सांगतेय,” हेल्मा म्हणाली. “माझी डोर्टे तिथे जाणार नाही.”

“मग तिला काय मासे शिकवणार आहेत?” तिचा नवरा लोथार बुटाच्या नाड्या आवळत होता. “सोमवारी पहिली सुरू. बोटवाल्यांची सगळी पोरं तिथेच वाढतात. मी वाढलो. आई, तू रडलीस का?”

“रडले की. पण बटाटे सोलत.”

हेल्माही बोटीवरच जन्मली, आता त्यांची बोट उभी होती त्याच रुहरोर्टच्या नदीबंदरात. सहा वर्षांची झाल्यावर तिला नदीकाठच्या वसतिगृहात ठेवलं. तिथली पोरं रात्री खिडकीशी उभी राहत. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून ती आपल्या घरची बोट ओळखत. हेल्माचा बाप जाताना भोंगा द्यायचा, थांबायचा नाही. भरलेली बोट एका पोरीसाठी थांबत नसते. भोंगा दूर गेला की ती पांघरुणात तोंड खुपसायची. आपल्या पोटच्या पोराला असं खिडकीशी उभं करायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

पुढे लोथारशी लग्न झालं. रिवाजाप्रमाणे बोटीच्या नाकावर पांढऱ्या रंगात तिचं नाव लिहिलं गेलं. ती बायको, स्वयंपाकीण आणि खलाशी, तिन्ही झाली. सातव्या महिन्याचं पोट घेऊन तिनं धक्क्यावर दोर फेकले. डोर्टे चालायला लागली तशी तिच्या छातीला पट्टा बांधून दोर सुकाणूघराच्या कडीला अडकवला. दोर पोचेल तेवढं पोरीचं अंगण.

त्या अंगणात बसून डोर्टे रोज तेच विचारायची, आपण काय आणतो, कुठे नेतो, आणि हेल्मा कपडे वाळत घालता घालता रोज तेच सांगायची. आपण समुद्राकडून लोखंडाची लाल माती आणतो. बंदरात आलो की रांगेत उभं राहायचं, कारण क्रेन थोड्या आणि बोटी फार. बंदरातला माणूस रेडिओवर नाव पुकारतो. मग आई मालाच्या खणावरची झाकणं सरकवते. क्रेनचा लोखंडी जबडा माती उचलून आगगाडीच्या डब्यात टाकतो, गाडी भट्टीकडे जाते. आणि बोट? बोट रिकामी झाली की झाकणं लावून परत समुद्राकडे, रॉटरडॅमला.

रेडिओ खरखरला. “'हेल्मा', क्रेनखाली या.”

“उद्या म्हणाले होते ना?” लोथार उठला. “पुढची बोट बिघडली वाटतं. चल, झाकणं काढ.”

बोट क्रेनखाली लागली. हेल्मा धुसफुसतच कामाला लागली. एकेक झाकण सरकवताना तोंड मात्र लोथारकडे होतं. “आवाज ओळखून काय करायचं रे पोरांनी? खिडकीतून हात हलवायचा?” खाली तिनं पाहिलंच नाही. खाली काय बघायचं? माती.

जबडा वरून उतरू लागला. हेल्मा बाजूला झाली आणि तिचं लक्ष सुकाणूघराच्या कडीकडे गेलं. तिथे पट्टा होता, दोर होता, पोर नव्हती. दोर तिनंच शिकवला होता तसा, नीट गोल गुंडाळून ठेवलेला.

उघड्या खणाच्या काठावर उभी राहून ती थांब म्हणून दोन्ही हात डोक्याच्या वर फुलीसारखे हलवत राहिली. वर क्रेनवाल्या कुबियाकनं पाहिलं. जबडा उघडाच्या उघडा हवेत लोंबकळत थांबला.

झाकणाच्या फटीतून आत घुसलेली डोर्टे खणाच्या पुढच्या कोपऱ्यात, मातीला पाठ टेकून बसली होती. पापण्यांपर्यंत लाल. खिशात पाव.

“काय गं हेल्मा,” कुबियाक वरून ओरडला, “पोरगीपण उतरवून घ्यायची होती का?” कुणी हसलं नाही.

“क्रेन उद्या येणार होती,” वर काढल्यावर डोर्टे आईच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. “तूच म्हणालीस. उद्या जबडा आला की मी मागे सरकणार होते. मग माती संपली की झाकणं लागतात आणि बोट जाते. सोमवार इथेच राहिला असता.”

स्वयंपाकघरात अल्विनेनं नातीला टबात बसवलं. पाणी लाल झालं, बदललं, पुन्हा लाल झालं.

लोथार दारात उभा होता. “पाहिलंस? बोट ही पोरांची जागा नाही. आता तरी ऐक.”

तो खरं बोलत होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. बोटीवर जबडा होता, किनाऱ्यावर ती खिडकी. तिसरी जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती. वसतिगृह सोडलं तर जमिनीवर ती एक रात्र झोपली नव्हती. आणि ती उतरली तर दोर कोण फेकणार? लोथारचा भाऊ ऊवे, ज्याचा एक हात कायम बाटलीवर. अशा माणसाच्या भरवशावर नवरा पाण्यावर राहणार.

तिनं ताटल्या मांडल्या. बटाटे वाढले. सगळे बसल्यावर म्हणाली,

“सोमवारी मी डोर्टेला घेऊन उतरतेय. दोघी किनाऱ्यावर राहू. ती शाळेतून घरी येईल. दोर फेकायला तू माणूस बघ, लोथार. बोटीवरचं नाव बदलायचं असेल तर पांढरा रंग पुढच्या कपाटात आहे.”