जखमेवरचा पापुद्रा

सिस्टरनी चिमट्यानं पाकिटातला औषधी पापुद्रा उचलला आणि ह्यांच्या तळपायाच्या जखमेवर अलगद पसरला. डाळिंब सोलताना दाण्यांमधून पातळ पडदा निघतो ना, अगदी तसा. "जंतू याला टेकला की तिथंच फुटतो," त्या म्हणाल्या. "गोळ्यांना आता ह्यांचे जंतू दाद देत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी हे लावायला सांगितलं."

मला आमचा फ्रिज आठवला.

आमच्या फ्रिजच्या दारात एक डबा आहे. कुणाचाही ताप उतरला की उरलेल्या गोळ्या त्यात जातात. औषध वाया घालवायचं नाही, ही आमच्या घरची रीतच. ह्यांचा घसा धरला, पाय ठणकला, की डॉक्टरांच्या आधी मी तो डबा उघडते, आणि जरा बरं वाटलं की लगेच बंद करते. जंतू मरायच्या आधीच औषध थांबायचं. म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना मारत नव्हते, त्यांना तालीम देत होते. हा पापुद्रा मात्र कुणाला बरं वाटलं म्हणून थांबत नाही. टेकलेल्या जंतूला तो अर्धवट सोडत नाही. एवढीशी चीज, पण माझ्यापेक्षा किती सरळ!

माझे डोळे भरून आले. ह्यांना वाटलं, जखम बघून मी घाबरले.

"अगं, दुखत नाहीये मला," हे म्हणाले. "आणि घरी गेल्यावर तुझ्या डब्यातली एखादी गोळी दे. तुझ्या हाताला गुण आहे."