खाऱ्या विहिरीचे दाणे

माझं माहेर अकोल्याकडचं, पूर्णेच्या काठचं. तिथली जमीन काळीभोर आणि विहिरी झाडून साऱ्या खाऱ्या. आम्ही तेच पाणी पिऊन वाढलो, त्यामुळे कुणी परगावचा माणूस तोंड वाकडं करीपर्यंत ते खारं आहे हे आम्हाला आठवतसुद्धा नसे. अशा पाहुण्यांसाठी नदीच्या वाळूत झिरा उकरलेला असायचा. आई तिथून गोडं पाणी डोक्यावर आणायची आणि तांब्यावर वाटी पालथी घालून ठेवायची. आम्ही पोरींनी त्याला हात लावायचा नाही. मला फार वाटायचं, एकदा तरी आपण पाहुणं व्हावं.

भुईमूग निघाला की आई दाणे करी. विहिरीचं पाणी चुलीवर आटवायचं, त्यात लसूण आणि लाल मिरची ठेचून घालायची आणि दाणे रात्रभर त्यात बुडवून ठेवायचे. सकाळी फडक्यावर पसरून सावलीत सुकवायचे, मग नदीची वाळू कढईत तापवून त्यात भाजायचे. वाळू चाळली की दाणे तेवढे वर राहत. त्यांची चव वरून लावलेली नसे, दाण्याच्या पोटातून येई. मीठ घालायचा प्रश्नच नव्हता. ते काम विहीर करी.

लग्न होऊन मी अमरावतीला आले ती ही अक्कल घेऊन. पहिल्याच भुलाबाईच्या सणाला, पोरींची गाणी झाल्यावर वाटायला मी हौसेने दाण्यांची खिरापत केली. झाकलेला डबा हलवताच पोरींनी आवाजावरून ओळखलं, पण तोंडात टाकल्यावर त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी एक दाणा चावून पाहिला.

“काहून वं, मीठ नाही टाकलं काय?”

“मीठ त पाण्यातच असते,” मी म्हणाले.

घर हसून हसून लोटपोट झालं. गल्लीत कित्येक दिवस मला पाहून बाया विचारत, “आज विहिरीत मीठ टाकलं काय वं?” मीही हसत असे, पण आत जीव तुटायचा. पुढे मी मीठ घालून दाणे केले. ते खारट झाले, पण खारे झाले नाहीत. मीठ ओठाला लागायचं आणि दाणा आतून मुका राहायचा. अमरावतीच्या गोड पाण्याचा मला इतका राग आला की काय सांगू.

त्याच सुमारास कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती म्हणे. लढणारे कोण, ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण आमच्याकडच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. गावोगावच्या गाड्या कापसाला जुंपल्या आणि लेकींना माहेरी न्यायला गाडी मिळेना. माझ्या बापाचाही कापूस अमरावतीच्या पेठेत यायचा. गाडीवान दारात येऊन निरोप सांगायचा, “एवढी खेप होऊ द्या, मंग तुमाले न्यायले येतेत.” खेपेमागून खेप झाली. दिवाळी गेली, अक्षयतृतीया गेली, पुन्हा दिवाळी आली. गाडीभर कापसाला जागा होती, मला नव्हती.

त्यात एकच सुख होतं. गाडीवान आईची पुरचुंडी आणायचा, आणि तिच्यात तेच दाणे असायचे. मी ते उतरंडीच्या मडक्यात लपवून पुरवून पुरवून खाई. एक दाणा जिभेवर ठेवला की आईची कढई, वाळूचा तो खसखस आवाज, सगळं जवळ येई. मला रडू यायचं, आणि ते मला हवंसंही वाटायचं. पुढच्या हंगामात मात्र गाडीवान हात हलवत आला.

“दाने कोठचे आनू? भुईमुगाच्या तुकड्यातबी पऱ्हाटीच पेरली बाबांनं.”

त्या दिवशी मी कपाशीला मनातल्या मनात चिक्कार शिव्या दिल्या.

मग लढाई संपली आणि भाव कोसळला. लोक कपाळाला हात लावून बसले होते, आणि मी चोरून खूश होते, कारण गाड्या मोकळ्या झाल्या होत्या. बाप स्वतः मला न्यायला आला. वाटभर माझ्या डोळ्यांपुढे आमची विहीर होती. घरी पोचल्यावर मी आईच्या पायाही पडले नाही, आधी पोहरा सोडला आणि ओंजळ तोंडाला लावली.

पाणी घशाखाली उतरेना. तोंड आपसूक वाकडं झालं आणि मी ते बाजूला थुंकलं. वळून पाहिलं तर आई दारात उभी होती. तिने पाहिलं होतं.

तिने बियाण्यातले मूठभर दाणे माझ्यासाठी राखून ठेवले होते. ते तिने भिजवले, सुकवले, भाजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताटली माझ्यापुढे आली. पहिला दाणा चावला आणि मी निवले. तीच चव, रतीभरही बदल नाही. मग मी ताटलीशेजारी पाहिलं. तांब्या होता, वर वाटी पालथी घातलेली.

“माय, मी काय पाहुनी आहो?”

“खाय बाई,” आई म्हणाली. “दाने खाल्ले का तहान लागते.”

तहान खरंच लागली होती. मी तो सगळा तांब्या संपवला. पाणी गोड होतं, अमरावतीसारखं. आईने रिकामा तांब्या उचलला, डोक्यावर चुंबळ ठेवली, घागर घेतली आणि ती झिऱ्याच्या वाटेला लागली.