पत्रिकेच्या जाडीएवढी फट

रोज सकाळी चहाच्या आधी चांगदेव आपल्या पांढऱ्या पद्मिनी गाडीचं बॉनेट उघडायचे. डिस्ट्रीब्यूटरची टोपी काढायचे, आतल्या पॉइंटांच्या तोंडावरून बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवायचे आणि खिशातून लग्नपत्रिकेची बोटभर पट्टी काढून दोन पॉइंटांच्या मधे सरकवायचे. पट्टी जराशी अडत, पण न दुमडता गेली, म्हणजे फट बरोबर. पत्रिका त्यांचा मुलगा विनेश आणि सून सुचिता यांच्या लग्नातली होती. पुढच्या लग्नांच्या पत्रिका आल्या की ते आधी बोटांनी दाबून बघायचे. एकही त्या जाडीची निघाली नाही.

दिघीला खाडीकाठी लोखंड फार दिवस सुखात राहत नाही. पॉइंट उघडतात-मिटतात त्यावर गाडीची ठिणगी अवलंबून, आणि खारी हवा एका रात्रीत त्यांच्यावर पांढुरकी साय धरायची. दहा मिनिटांचं काम. ते चांगदेवांनी केल्याशिवाय गाडी चालू होत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; आणि सगळ्यांना ते माहीत आहे हे चांगदेवांना आवडायचं.

होडीवर जाणं सोडल्यावर त्यांनी ही गाडी जुनीच घेतली होती. बरीच वर्षं तिच्यातून कोळणींच्या पाट्या बाजारात नेल्या. विनेश पनवेलकडे कंपनीत लागला. मग सुचिता गाडी शिकली आणि सुक्या मासळीचा धंदा तिनेच हातात घेतला. आठवड्यातून तीनदा फेरीबोटीने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे मुरूडच्या बाजारात जायचं. डिकीत बोंबील, जवळा, वाकट्या. गाडी ती चालवायची, पॉइंट मात्र सासऱ्यांचे.

दोन वर्षांपूर्वी चांगदेवांचा उजवा हात थरथरू लागला. आधी पट्टी थरथरली, मग स्क्रू. एका सकाळी फट चुकली आणि बोटीवर चढायच्या उतारावरच गाडी बंद पडली. मागे रांग लागली. विनेश फोनवर म्हणाला की गाडी विकून टाकू, सेकंडहँड टेम्पो घेऊ. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सुचिताला ते इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवायला सांगितलं, ज्याला ते आजवर खेळणं म्हणत आले होते.

किट काडेपेटीएवढं होतं: एक काळा ठोकळा, आतल्या दांड्यावर बसवायची चुंबकाची कडी, दोन वायरी. चांगदेव अंगणात स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले आणि सांगत राहिले. सुचिताने पॉइंट काढले, ठोकळा बसवला, वायरी कॉइलला जोडल्या. सोबतचा कागद तिने मोठ्याने वाचला. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये, ठोकळा जळतो, असं त्यात होतं. चांगदेवांनी मान डोलावली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काढलेले पॉइंट त्यांनी बामच्या डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले, वर पत्रिकेची पट्टी.

दुसऱ्या दिवशी तेही सोबत गेले, इंजिनाचा आवाज ऐकायला. बोटीवर सुचिताने गाडी बंद केली आणि ती कठड्याशी बाजाराला निघालेल्या गोदूमावशी कोळणीजवळ जाऊन उभी राहिली. चांगदेवांचा हात आपोआप चावीकडे गेला. बोटीवर इंजिन बंद आणि रेडिओ चालू, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. पॉइंटांनी ती खपवून घेतली होती. बातम्या संपल्या, किनारा जवळ आला, त्यांनी चावी फिरवून बंद केली.

आगरदांड्याला गाडी चालू झाली नाही. चार जणांनी ढकलून ती धक्क्यावर काढली.

"सुचिता, गाडी शिकलीस तशी आता सासऱ्याला ढकलायला शिकव," गोदूमावशी पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "म्हातारा बोटीवर बसून रेडिओ ऐकत व्हता."

सगळे हसले. सुचिताने डबी काढली आणि तिथेच उन्हात उभी राहून पॉइंट परत बसवले. स्वतःच्या लग्नाची पट्टी तिने हळूच मधे सरकवली, अडू दिली, ओढून काढली. गाडी चालू झाली.

"नकोच ते किट, मामा," ती म्हणाली. "आपले पॉइंटच बरे. तुमचा हात नसला तर न्हाय चालत ही."

चांगदेव मुरूड येईपर्यंत रिकाम्या डबीचं झाकण उघडत-लावत राहिले. नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर सकाळची ती दहा मिनिटं परत त्यांची झाली असती, आणि हात जितके दिवस चालला असता तितके दिवस गाडीही. परतीच्या बोटीवर सुचिताने गाडी बंद केली, तेव्हा ते समोर पाण्याकडे बघत म्हणाले,

"किट चांगलं व्हतं. चावी मी चालू ठेवली. रेडिओसाठी."

सुचिताने चावी काढून पर्समध्ये टाकली आणि उरलेला शेंगदाण्याचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

दुसरं किट आलं. तेही तिनेच बसवलं, या वेळी फारसं न विचारता. चांगदेव सकाळी बॉनेट उघडतच राहिले. टोपीवरचा दमटपणा फडक्याने पुसायचे, आत डोकावायचे, बॉनेट लावायचे. वर्षभरात गाडी एकदाही थांबली नाही.

गेल्या पौषात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या सकाळी सुचिता निघाली तेव्हा ते ओट्यावर फडकं पिळत होते. तिने काच खाली केली. त्यांनी नेहमीसारखंच सांगितलं,

"बोटीवर चावी बंद ठेव. आन् येताना पाव आण, मऊ बघून."