आलिंग पुरिंगचं लिमिट

आमच्या गल्लीत बातमी अशी होती, की आलिंग पुरिंगच्या, म्हणजे पुरिंगमावशीच्या, दारात बँकेची गाडी येऊन गेली. टीव्ही नेला, पंखा नेला आणि तिच्या डोळ्यांदेखत क्रेडिट कार्डाचे कात्रीने दोन तुकडे केले. का, तर बाई मोबाईलवर कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावते. पाववाल्याच्या दुकानात मी हे तिघांकडून ऐकलं. दर वेळी टीव्ही दोन इंच मोठा होत गेला.

खरं सांगायचं तर टीव्ही दुरुस्तीला गेला होता, पंखा जागच्या जागी फिरत होता आणि कार्ड पाकिटात अख्खं होतं. फक्त बँकेने त्याचं लिमिट ऐंशी हजार पेसोंवरून वीस हजारांवर आणलं होतं. असं का झालं, हे गल्लीत दोघींनाच माहीत होतं. एक ती आणि दुसरी मी.

आलिंग पुरिंग चोवीस वर्षं मारिकिना शहरातल्या एका बुटांच्या कारखान्यात हजेरी लिहायची. कार्ड तिला तेव्हा मिळालं. पुढे कारखाना बंद पडला, नवरा गेला, आणि ती घरीच मशीनवर चपलांचे पट्टे शिवायला लागली. पट्ट्यांचे पैसे पंधरा आणि तीस तारखेला यायचे. मधल्या दिवसांतले तांदूळ, औषधं, विजेचं बिल कार्डावर.

आणि कार्ड एकट्या तिचं नव्हतंच. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे कार्ड नाही. त्यामुळे कोणाला काही हप्त्याने घ्यायचं झालं, की तो तिच्या दारात उभा राहून आधी हवापाण्याचं बोलणार आणि मग डोकं खाजवत म्हणणार, "आलिंग, जरा तुमचं कार्ड घासून द्याल का?" ती द्यायची. ज्याची वस्तू त्याच्या नावाची चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावायची. फ्रिजचा रंग कोणता, ते मला अजून माहीत नाही.

आता लिमिटचं. मला आवाज काढता येतात. बँकेतल्या बाईचा आवाज तर असा, की ऐकणारा आपोआप ताठ बसतो. "नमस्कार मॅडम, आपला अमूल्य वेळ घेऊ का?" असा फोन करून मी आलिंग पुरिंगला दोनदा फसवलं होतं. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती सावध होती.

"मॅडम, आपलं सध्याचं मासिक उत्पन्न सांगाल का?"

"शून्य," आलिंग म्हणाली. "कारखाना बंद, नवरा स्वर्गात. आणि तू आता फोन ठेव नि आईला भांडी घासू लाग."

"आभारी आहे, मॅडम."

तो फोन माझा नव्हता.

तीन आठवड्यांनी बँकेचा मेसेज आला. मी गेले, मान खाली घालून सगळं कबूल केलं. ती पट्टा शिवतच राहिली. "इतकी हुबेहूब नक्कल कशाला करायची, म्हणते मी," एवढंच म्हणाली. बँकेला तिने खरा फोन केला होता. कागद पाठवा, तपासायला तीन महिने लागतील, असं उत्तर मिळालं.

तीन महिने तिच्याकडे नव्हते. तिची मुलगी जोनालिन नर्सिंग शिकून बसली होती आणि परवान्याच्या परीक्षेच्या क्लासला शुक्रवारपर्यंत नाव घालायचं होतं. फी साडेचौदा हजार, कार्डावर सहा हप्ते. वीस हजारांतले सतरा हजार चारशे आधीच वापरलेले. घरात काटकसर सुरू झालीच होती. तांदूळ पोत्याऐवजी किलोने यायला लागला, म्हणजे उलट महाग पडायला लागला. सकाळच्या लसणाच्या भातावरचं अंडं फक्त जोनालिनच्या ताटात दिसायचं. पण अंडी वाचवून साडेचौदा हजारांची जागा होत नाही.

मला एक कळेना. बँकेला आलिंग पुरिंग एका फोनवर एवढी कशी कळली? आणि जागा अडवली होती नक्की कोणी? आम्ही दोघी फ्रिजसमोर उभ्या राहिलो. घरचा किराणा तीन हजार सातशे. एकाचा पंखा, एकीचा फोन, दोन्ही मिळून चार हजार शंभर. आलिंगने सांगितल्यावर ती दोघं सोमवारीच उरलेले सगळे पैसे देऊन गेली. राहिलं मांग इस्पाँगचं, म्हणजे गल्लीतल्या इस्पाँगकाकाचं, कॅराओकेचं गाण्याचं मशीन, नऊ हजार सहाशे.

"संपलं," मी म्हटलं. "तो दर महिन्याला सात दिवस उशिरा देतो."

"हो. आणि ते सात दिवस मी पदरचे भरते, म्हणून बँकेला पत्ता नाही."

"मी फोन करू का त्याला? बँकेच्या आवाजात?"

"त्या आवाजाने आधीच दिवे लावलेत."

"मग पैज. शुक्रवारच्या आत तो एक पेसो देणार नाही."

"हरलीस तर त्याच्याच मशीनवर गायचं," ती म्हणाली. "तुझ्या स्वतःच्या आवाजात."

मंगळवारी दुपारी मांग इस्पाँग त्याच्या अंगणात आलं घातलेली तांदळाची पेज ढवळत होता. आलिंग पुरिंग हवापाण्याचं काही बोलली नाही.

"इस्पाँग, बँकेने माझं लिमिट कापलंय. तुझं मशीन त्यात जागा अडवून बसलंय. जोनालिनची फी बसत नाहीये."

तो ढवळत राहिला. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"हप्ता वीस तारखेला ना?"

"वीसला. तू देतोस सत्तावीसला."

"हो," म्हणत तो पळी ठेवून आत गेला. मी आलिंगला कोपराने ढोसलं. "गेला मागच्या दाराने."

तो बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आला. रबर लावलेल्या पुऱ्या नऊ हजार सहाशेच्या नोटांना खोबऱ्याच्या बिस्किटांचा वास येत होता. "दुसऱ्या स्पीकरसाठी ठेवले होते," तो म्हणाला. "आधी बोलायचं की गं. गल्लीत म्हणाले, तू कोंबड्यांवर लावतेस. म्हटलं, बाईला आधीच लाज वाटत असेल, आपण कशाला विचारायचं."

बँकेच्या वाटेवर मी म्हटलं, "आलिंग, आता हेच पैसे क्लासला भरून टाका ना. बँक कशाला मधे?"

"हे मशीनचे पैसे आहेत. ते मशीनवरच जाणार," ती म्हणाली. असं बोलताना तिचा खालचा ओठ जरा पुढे येतो. तो मला अजून जमलेला नाही.

"तो देईल हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

"चार वर्षं प्रत्येक वस्तूच्या हप्त्याला सात दिवस उशीर करतोय. आठवा दिवस एकदाही केला नाही. माणूस कुठपर्यंत ताणतो ते कळलं, की झालं."

म्हणजे लिमिट तीही ठरवत होती. फक्त फोन न करता.

शुक्रवारी क्लासच्या काउंटरवर बसलेल्या मुलीने कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन बराच वेळ विचारात पडलं. जोनालिनने माझा दंड इतका दाबला, की वळ उठला. मग पावती आली. आलिंग पुरिंगने तिची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाली, "रविवारी चारला. इस्पाँगच्या अंगणात."

रविवारी सगळी गल्ली जमली. मी माइक धरला. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीला माझ्याही नकळत तोंडातून बँकेतली बाई निघाली.

आलिंग पुरिंगने टेबलावर दोनदा बोट वाजवलं. मांग इस्पाँगने मुकाट्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.